शत्रूच्या घरचें मीठ

कांहीं पुस्तकांच्या कपाळीं असें लिहिलेलें असतें कीं, तीं सर्वांनीं वाचावीं, परंतु त्यांच्याविषयीं शिष्ट मंडळींत कोणी बोलूं नये. आलेक्सांद्र ड्यूमा या फ्रेंच ग्रंथकाराची 'माँटे क्रिस्टोचा काउंट' ही कादंबरी अशांपैकींच एक होय. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं ती शाळकरी वयांत, परीक्षेच्या पुस्तकाखालीं दडवून, बहुधा एखाद्या संक्षिप्त इंग्रजी आवृत्तींत वाचली असेल. तुरुंगाची भिंत पोखरणारा म्हातारा पाद्री, प्रेताच्या पिशवींतून समुद्रांत फेंकला जाणारा कैदी आणि ओसाड बेटावरील खजिना हीं चित्रें त्यांच्या मनांत अद्याप ताजीं असतील. पुढें मोठेपणीं 'मुलांची गोष्ट' म्हणून आपण तिला कपाटाच्या वरच्या खणांत ठेवून देतों. आम्हींही तेंच केलें होतें. मध्यंतरीं एका लांबच्या प्रवासांत दुसरें कांहीं हाताशीं नव्हतें, म्हणून ११७ प्रकरणांची संपूर्ण आवृत्ति उघडली, आणि आपण हें पुस्तक लहानपणीं वाचलेलेंच नव्हतें असें आम्हांस आढळून आलें.

संक्षेप करणारे लोक या कादंबरीचा पहिला चतुर्थांश आणि शेवटचीं शिक्षेचीं प्रकरणें राखतात, व रोम आणि पॅरिस येथें घडणाऱ्या मधल्या भागावर कातरी चालवितात. त्यांना सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं. 'जुर्नाल दे देबा' या पॅरिसच्या वृत्तपत्रांत २८ ऑगस्ट १८४४ ते १५ जानेवारी १८४६ या काळांत ही कथा हप्त्याहप्त्यानें निघाली; आणि रोजच्या वाचकाला उद्यांच्या अंकापर्यंत ताटकळत ठेवण्याची कला जितकी उपयोगी तितकीच ती पाल्हाळाला पोषक. वाम्पा नांवाच्या दरोडेखोराची पूर्वपीठिका सांगत बसणाऱ्या भटारखान्याच्या मालकाला आम्ही स्वतः दोनदां मनांतल्या मनांत गप्प बसविलें, हें कबूल करतों. परंतु कातरी चालते ती नेमकी मर्मावर. कापलेल्या भागांत ड्यूमानें जें सांगितलें आहे तें असें कीं, मित्रांच्या दग्यामुळें ज्याचें आयुष्य नासलें, तो मनुष्य सूड घेण्यासाठीं त्याच दगेखोरांच्या घरीं मित्र म्हणून शिरतो. ही एक गोष्ट वगळली म्हणजे कादंबरींत धाडस राहतें आणि न्याय राहतो. पण मनाला चुटपुट लावणारें कांहीं राहत नाहीं.

प्रथम मूळचा दगा पाहूं. २४ फेब्रुवारी १८१५ रोजीं 'फाराओन' हें जहाज मार्सेयच्या बंदराला लागतें. कप्तान वाटेंत वारला आहे आणि १९ वर्षांचा एदमों दान्तेस त्याच्या जागीं नेमला जाण्याच्या बेतांत आहे. मर्सेदेसशीं त्याचें लग्न ठरलें आहे. जहाजावरील हिशेबनीस दांग्लार याला त्याची बढती सलते, मर्सेदेसचा चुलतभाऊ फर्नांद याला ती मुलगी हवी आहे, आणि या दोन मत्सरांतून एक निनांवी पत्र जन्मास येतें: दान्तेस हा एल्बा बेटावरील नेपोलियनचीं पत्रें पोंचविणारा हस्तक आहे. अक्षर ओळखूं येऊं नये म्हणून दांग्लार तें डाव्या हातानें लिहितो. सरकारी वकील विल्फोर याला तरुण निरपराध आहे हें दिसतें. पण पकडलेलें पत्र स्वतःच्याच बापाच्या नांवचें निघतांच तो तें जाळतो आणि साक्षीदाराला शातो दीफच्या काळकोठडींत पाठवितो. तेथें दान्तेसचीं १४ वर्षें जातात.

पण या चौकडींत मित्र असा कोण होता? दांग्लार हा हाताखालचा मत्सरी सहकारी, फर्नांद प्रतिस्पर्धी, विल्फोर तर परका. मित्र म्हणावा असा एकच: शेजारचा शिंपी काद्रूस. तो दारूच्या दुकानांत त्या दोघांच्या टेबलाशींच बसला होता. पत्र लिहिलेलें त्यानें पाहिलें. 'ही थट्टा आहे' असें त्याला सांगण्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं शिपाई आले तेव्हां नशा उतरली होती, थट्टा नव्हती हें कळलें होतें, आणि तरीही तो भ्यालेला मनुष्य गप्प राहिला. ड्यूमानें खलपुरुष पुष्कळ रंगविले आहेत; परंतु हा काद्रूस आम्हांस सर्वांहून अधिक ओळखीचा वाटला. दांग्लारसारखीं माणसें आयुष्यांत क्वचित् भेटतात. काद्रूस मात्र प्रत्येक आळींत असतो. तो वाईट करीत नाहीं, वाईट होऊं देतो, आणि मग उरलेलें आयुष्य 'आपण काय करणार होतों' असें म्हणत काढतो.

ही कथा ड्यूमाच्या डोक्यांतून सबंधच्या सबंध निघालेली नाहीं. पॅरिसच्या पोलिस दप्तरांत काम केलेल्या प्यूशे नांवाच्या गृहस्थाच्या आठवणी त्याच्या मरणानंतर १८३८ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत पिको या चांभाराची हकीगत आहे. तिच्या खरेपणाविषयीं अभ्यासकांना शंका आहे. पण कथाबीज म्हणून ती विलक्षण खरी. १८०७ साली पिकोचें एका पैसेवाल्या मुलीशीं लग्न ठरतें. लूप्यां हा खाणावळवाला मित्र मत्सरानें त्याला इंग्रजांचा हेर ठरवितो. सात वर्षांच्या बंदिवासांत एक इटालियन धर्मगुरु त्याला आपलें धन देऊन जातो. आणि १८१४ साली सुटून आल्यावर पिको कोठें जातो, तर त्याच लूप्यांच्या दुकानांत नांव बदलून वाढपी म्हणून राहतो. तो शत्रूच्या पाहुण्यांना पेले भरून देतो, आणि घर आंतून पोखरतो. शेवटीं त्याचाही खून होतो, तो ज्याला सर्व ठाऊक असून जो पूर्वीं गप्प बसला होता अशाच एका माणसाच्या हातून. ड्यूमानें वाढप्याचा सरदार केला, एवढाच काय तो फरक. शत्रूच्या घरांत हंसतमुखानें वावरणारा सूडकरी त्याला मुळांतच सांपडला होता. किंबहुना त्याचा पहिला बेत कथा रोममध्येंच, काउंट आणि एक श्रीमंत तरुण यांच्या मैत्रीपासून आरंभ करण्याचा होता. त्याचा सहकारी ओग्युस्त माके यानें, दग्याची आणि कैदेची हकीगत नुसती ओझरती सांगितलीत तर सर्वांत रसाळ भाग हातचा जाईल, अशी सूचना केली आणि मार्सेयचा भाग प्रथम आला. ही गोष्ट ड्यूमानेंच नमूद केली आहे. माकेचें म्हणणें बरोबरच होतें. तरी लेखकाच्या मनांत प्रथम आली ती मैत्री होती, सूड मागाहून, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

तुरुंगांतील फारिया हा म्हातारा दान्तेसचा गुरु होतो. दोन-चार प्रश्न विचारून तो या भोळ्या खलाशाला त्याचे शत्रु कोण हें दाखवून देतो. आणि लगेच त्याला आपण केलें तें बरें नाहीं असें वाटूं लागतें. ज्याच्या मनांत पूर्वीं नव्हती अशी एक वस्तु, सूड, आपण तेथें नेऊन ठेवली असें तो बोलूनही दाखवितो. भाषा, गणित, इतिहास हें सर्व शिकविणारा गुरु एका धड्याबद्दल पश्चात्ताप करतो, आणि शिष्यानें पुढें जन्मभर वापरला तो नेमका तोच धडा. हा प्रसंग पानभरही नाहीं. लहानपणीं आमचें लक्ष भुयाराकडे असल्यामुळें तो नजरेंतून निसटला होता.

सुटकेनंतर आणि खजिना हातीं लागल्यानंतर दान्तेस पाद्रयाचा वेष घेऊन काद्रूसच्या रस्त्याकडेच्या खाणावळींत जातो. सोबत पन्नास हजार फ्रँक किंमतीचा हिरा आहे. मरतेवेळीं दान्तेसनें हा हिरा आपल्या मित्रांत सारखा वांटावा असें सांगितलें, अशी बतावणी तो करतो. आणि त्या मित्रांच्या यादींत दांग्लार आणि फर्नांद यांचीं नांवें घालतो. 'मित्र' हा शब्द ऐकतांच काद्रूसला राहवत नाहीं. हे कसले मित्र, असें म्हणून तो सारें ओकतो. वांटेकरी कमी झाले तर हिरा आपल्याला मिळेल ही आशाही त्यांत आहेच. म्हातारा बाप उपासमारीनें मेला, मर्सेदेसनें दीड वर्ष वाट पाहून फर्नांदशीं लग्न केलें, हेंही तेथेंच कळतें. वाचकांनीं येथें थोडें थांबून पाहावें. सूडाच्या वाटेवरचें हें पहिलें पाऊल, आणि तें मैत्रीच्या नांवावर रचलेल्या खोट्यानें पडलें आहे.

शिक्षा सुरू करण्यापूर्वीं दान्तेस एक ऋण फेडतो. त्याचा जुना मालक मोरेल यानें त्याच्या सुटकेसाठीं पुन्हां पुन्हां अर्ज केले होते, आणि बापाच्या घरीं चुलीवरच्या फळीवर पैशांची एक तांबडी पिशवी गुपचुप ठेवली होती. ५ सप्टेंबर १८२९ रोजीं मोरेलचें दिवाळें निघणार, पिस्तूल समोर आहे, अशा वेळीं तीच तांबडी पिशवी कर्जफेडीच्या पावतीसह परत येते, आणि बुडालेल्या जहाजासारखें दुसरें जहाज त्याच नांवानें बंदरांत शिरतें. हें वाचतांना आजही गळा दाटून येतो, हें सांगण्यांत आम्हांस संकोच नाहीं. तथापि एक गोष्ट खटकते. उपकारकर्ता बंदरावर एका कोपऱ्यांत लपून हा सोहळा पाहतो आणि कोणालाही न भेटतां निघून जातो. याच घरचा मुलगा माक्सिमिलियां पुढें त्याचा जिवलग होतो. त्याची प्रेयसी जिवंत आहे हें काउंटला ठाऊक आहे. तरी त्याच्या दुःखाची खोली पाहावी म्हणून तो त्याला सुमारें महिनाभर ती मेली अशा समजुतींत जाळीत ठेवतो. आपलें खरें नांव तो त्याला सांगतो खरा, पण त्याला शांति देणारी ही एक गोष्ट सांगत नाहीं. चौदा वर्षें भिंतीशीं बोललेल्या या मनुष्याला मित्राशींही सरळ बोलतां येईनासें झालें आहे. आणि ग्रंथकार त्याला थोरपणा समजतो कीं काय, अशी शंका येते.

आतां रोम. १८३८ सालचा कार्निव्हाल आहे. फर्नांद आतां काउंट द मॉर्सेर्फ झाला आहे, आणि त्याचा मुलगा आल्बेर तेथें मौजेसाठीं आलेला आहे. मुलगा उमदा, बोलका, थोडा पोरकट. दरोडेखोर त्याला पळवून सॅन सेबास्तियानोच्या भुयारांत नेतात. काउंट तेथें जाऊन एका शब्दानें त्याला सोडवितो, कारण दरोडेखोरांचा नायक वाम्पा त्याचाच मिंधा आहे. कृतज्ञ आल्बेर त्याला पॅरिसला घरीं बोलावतो, आणि बापाच्या घराचा दरवाजा मुलगा स्वहस्तें उघडतो. पुढें विल्फोरच्या घरांत शिरकाव करतांना हीच युक्ति पुन्हां येते: घोडे उधळतात, गाडींत विल्फोरची बायको आणि लहान मुलगा एदुआर, आणि काउंटचा नोकर अली फांस टाकून घोडे थांबवितो, यासाठीं सज्ज राहण्याची आज्ञा त्याला आधींच मिळालेली असते. 'मुद्राराक्षस' वाचलेल्यांना येथें सिद्धार्थकाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. तोही शकटदासाला वधस्थानावरून सोडवून आणतो, राक्षसाच्या विश्वासांतला होतो, आणि तें सर्व चाणक्याचें कारस्थान असतें. पण विशाखदत्ताचा चाणक्य आपण काय करतों हें जाणून आहे. तो राजकारण करतो, त्याला पुण्याचा मुलामा देत नाहीं, आणि शेवटीं मित्रासाठीं प्राण द्यायला निघालेल्या राक्षसाचा तो सन्मानच करतो. ड्यूमाचा नायक स्वतःला परमेश्वराचा हात समजतो. ज्या दिवशीं तो असें समजूं लागतो, त्या दिवसापासून तो आम्हांस अधिक भयंकर वाटतो.

सबंध कादंबरींत आम्हांस सर्वांत श्रेष्ठ वाटलेला प्रसंग तर अगदीं क्षुल्लक आहे. त्यांत तलवार नाहीं कीं विष नाहीं. मॉर्सेर्फच्या वाड्यांत नाच चालला आहे. उकाडा फार होतो. काउंट आपल्या घरीं कांहींच खात नाहीं, हें मर्सेदेसच्या ध्यानांत आलें आहे, आणि त्यामुळें ती मनांतून भ्याली आहे. त्याचा आवाज तिनें पहिल्या भेटींतच ओळखलेला असतो. ती त्याला बागेंतील कांचघरांत नेते आणि द्राक्षांचा घोंस स्वतःच्या हातानें तोडून पुढें करते. तो नको म्हणतो. ती पीच फळ देते. तेंही नको. मग ती अरबांच्या एका रिवाजाची आठवण काढते: एका छपराखालीं ज्यांनीं भाकर आणि मीठ वांटून खाल्लें, ते कायमचे मित्र होतात. काउंटला तो रिवाज ठाऊक आहे. पण आपण फ्रान्समध्यें आहों, अरबस्तानांत नव्हे, अशा अर्थाचें उत्तर तो देतो.

खाल्ल्या मिठाला जागावें, हें ज्यांना लहानपणापासून सांगितलें गेलें, त्या आम्हां मराठी वाचकांना या प्रकरणाचा अर्थ फोडून सांगावा लागत नाहीं. आमच्या मतें काउंटच्या अंतःकरणाची सगळी स्थिति त्या न खाल्लेल्या द्राक्षांत आहे. मैत्रीचा कायदा तो मानतो. मिठाची शपथ मोडणें त्याला अशक्य आहे. म्हणून तो तें मीठच तोंडांत जाऊं देत नाहीं. आल्बेर त्याला रोज मित्र म्हणतो, आपलीं सुखदुःखें सांगतो, त्याच्या गाडींतून हिंडतो, आणि हा त्याच्या बापाच्या सर्वनाशाची तारीख मनाशीं मोजीत असतो. परंतु या घरांत आपण घांस घेतला नाहीं, म्हणून आपण विश्वासघातकी नव्हे! एखाद्या निष्णात वकिलानें काढावी तशी ही पळवाट. डाव्या हातानें पत्र लिहून 'हें माझें अक्षर नव्हे' म्हणणारा दांग्लार आणि उजव्या हातानें फळ परत करणारा काउंट यांत अंतर पुष्कळ आहे, पण तें दान्तेसला वाटतें तितकें नाहीं. मर्सेदेसला हें दिसतें. एवढ्या मोठ्या पुस्तकांत या एकट्या बाईला तें दिसतें.

बाकीच्या सूडाविषयीं थोडक्यांत पुरे. दांग्लार पेढीवाला बॅरन झाला आहे. काउंट एका तारायंत्राच्या बुरुजावरील गरीब, बागेच्या नादी नोकराला लांच देऊन स्पेनविषयींची खोटी बातमी पाठवितो आणि त्याला गाळांत घालतो. फर्नांदनें यानिनाच्या अली पाशाला कसें विकलें, हें त्या पाशाची मुलगी हैदी भर उमरावसभेंत सांगते. विल्फोरच्या बायकोशीं विषांविषयीं सहज म्हणून केलेल्या गप्पांतून त्या घरांत एकामागून एक प्रेतें पडतात. तारायंत्राचें प्रकरण विनोदी आणि उत्तम, हैदीची साक्ष भव्य, विषप्रयोग लांबलेला.

खरी मैत्री म्हणजे काय हें मात्र ड्यूमानें एका दुय्यम पात्राकडून दाखविलें आहे. आल्बेरचा मित्र बोशां हा वृत्तपत्रकार. फर्नांदवरील आरोप त्याच्या पत्रांत छापला जातो. आल्बेर द्वंद्वाचें आव्हान देतो. बोशां मुदत मागून घेऊन स्वतः यानिनाला जातो, आरोप खरा असल्याचा पुरावा आणतो, तो आल्बेरच्या हातीं देतो, आणि आपण ही गोष्ट विसरलों असें सांगतो. पुरावा आगींत जातो. काद्रूसही गप्प राहिला होता आणि बोशांही गप्प राहायला तयार आहे. एकाच्या मौनानें मित्र तुरुंगांत गेला, दुसऱ्याच्या मौनानें मित्राची लाज झांकली जाते. बोशांचें तें मौन अखेर निरुपयोगी ठरतें, कारण काउंटनें बातमी दुसऱ्या वाटेनेंही सोडलेली असते. पण म्हणून त्याची किंमत उणी होत नाहीं.

यानंतर आल्बेर काउंटला आव्हान देतो. त्या रात्रीं मर्सेदेस काउंटकडे येते, त्याला जुन्या नांवानें हांक मारते, मुलाचा जीव मागते. आणि काउंट तिच्यासाठीं स्वतः मरायचें कबूल करतो. सकाळीं मैदानावर आल्बेर येतो तो क्षमा मागण्यासाठीं. आईनें रात्रींत त्याला सर्व सांगितलेलें असतें. फर्नांद या कोळ्यानें एदमों दान्तेसचा जो घात केला त्याबद्दल सूड घेण्याचा तुम्हांला हक्क होता, आणि याहून अधिक केलें नाहीं याबद्दल मी आभारी आहें, असें तो सर्व मित्रांदेखत बोलतो. पॅरिसच्या त्या बडेजावी समाजांत याहून मोठी नामुष्की नाहीं. १८१५ साली दारूच्या दुकानांत जें धैर्य एकालाही झालें नाहीं, तें या पोरानें दाखविलें. तो बापाची सारी संपत्ति सोडतो, मॉर्सेर्फ हें नांवही टाकतो आणि सैन्यांत भरती होतो.

येथपर्यंत आम्ही ड्यूमाबरोबर आहों. पुढें एदुआर मरतो. ज्या मुलाला गाडींतून उतरवून घेऊन काउंटनें औषधाच्या एका थेंबानें शुद्धीवर आणलें होतें, तोच मुलगा आईच्या विषानें मरून पडतो. काउंट त्याला उचलून नेतो, जिवंत करण्याची खटपट करतो, आणि हात हालवीत परत येतो. पहिल्या वेळीं तो देखावा होता. या वेळीं तळमळ खरी आहे आणि उपयोग नाहीं. विल्फोर वेडा होतो. आपला अधिकार कोठें संपतो, असा प्रश्न काउंटला प्रथमच पडतो. मग तो काय करतो? पुन्हां शातो दीफ पाहायला जातो, जुन्या कोठडींत उभा राहतो, आणि फारियाचें हस्तलिखित हातीं पडतांच त्याची शंका बरीचशी निवळते. आम्हांस हें पटलें नाहीं. मुलाच्या प्रेतानें उभा केलेला प्रश्न बापाच्या जुन्या जखमेनें सुटत नसतो. वाम्पाच्या भुयारांत एका कोंबडीला लाख फ्रँक मोजून पिकल्या केसांचा झालेल्या दांग्लारला तो क्षमा करतो. म्हणजे मूळ पत्र लिहिणारा सुटतो, कारण एका निरपराध पोराचा बळी मध्यें पडला आहे. ड्यूमानें हा हिशेब मांडला आणि त्याखालची बेरीज वाचकाला न दाखवितां हैदीसह नायकाला जहाजावर चढवून दिलें. मोठ्या लेखकानें येथें घाई करावयाची नव्हती.

मर्सेदेसचें काय होतें, हें मात्र त्यानें विसरून दिलेलें नाहीं. द्वंद्व टळल्यावर आई आणि मुलगा रिकाम्या हातानें घर सोडतात. त्या वेळीं काउंट आल्बेरला एक पत्र पाठवितो. त्यांत खजिन्याचा संबंध नाहीं. चोवीस वर्षांपूर्वीं खलाशी असतांना आपण आपल्या नियोजित वधूसाठीं मेहनतीनें तीन हजार फ्रँक सांठविले होते; समुद्राचा भरंवसा नाहीं म्हणून ते मार्सेयला बापाच्या घरामागील बागेंत पुरून ठेवले होते; मध्यंतरीं जाऊन पाहिलें तों पेटी जागच्या जागीं आहे, कोणाचा हात लागलेला नाहीं; तेवढी ती आपल्या आईला घ्यावयास सांग, असें तो लिहितो. लक्षावधींचीं दानें देणाऱ्या या मनुष्याला एवढेंच देण्याचें धैर्य होतें, आणि मर्सेदेसही तेवढें घेते. त्या घरांत, त्या बागेच्या लगत, ती पुढें एकटी राहते. पेटी ज्या कोपऱ्यांत पुरलेली होती तेथें एक अंजिराचें झाड आहे. दान्तेस जन्मला त्या दिवशीं त्याच्या बापानें तें लावलेलें होतें.